डेस्कटॉप संगणक घरी जोडताना: आधी वायरमन, मग संगणक

घरात डेस्कटॉप संगणक घ्यायचं ठरलं की बोलणं सुरू होतं ते रॅम किती, एसएसडी किती, मॉनिटर किती इंची यावर. तो ज्या बोर्डात लागणार आहे त्या बोर्डाकडे मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही. म्हणून पहिल्यांदा संगणक घेणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट आवर्जून सांगतो: खोकं घरात येण्याआधी वायरमनला बोलवा. त्यावर होणारा खर्च हा संगणकाच्याच खर्चाचा भाग समजा. व्हायरस, पासवर्ड, फसवणूक हे सगळं खाली येईलच, पण माणसाच्या जिवाला धोका आहे तो विजेचा, आणि तोच आधी मिटवायला हवा.

१. अर्थिंग आहे का?

आपल्या घरी २३० व्होल्टचा पुरवठा येतो. संगणकाच्या प्लगला तीन पिना असतात. खालच्या दोन फेज आणि न्यूट्रलच्या, वरची जाड आणि लांब पिन अर्थिंगची. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते. प्लग खोचताना ती आधी टेकते आणि काढताना शेवटी सुटते, त्यामुळे फेज जोडलेला आहे पण अर्थिंग नाही अशी अवस्था क्षणभरही येत नाही. अर्थात हे तेव्हाच, जेव्हा बोर्डाच्या त्या वरच्या भोकामागे खरोखर वायर असेल. जुने वाडे, चाळी, गावाकडची घरं इथे अनेकदा दोनच वायरी ओढलेल्या असतात आणि तिसरं भोक नुसतं शोभेला असतं.

तुमच्या ओळखीत कोणाकडे तरी असा संगणक असेलच, की ज्याच्या कॅबिनेटला अनवाणी पायाने हात लावला की झिणझिण्या येतात. ‘थोडा करंट येतो, चालायचंच’ असं म्हणून लोक त्यासोबत वर्षानुवर्षं राहतात. आत काय होतं ते समजून घ्या. कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे एसएमपीएसमध्ये, दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून लोखंडी बॉडीला जोडलेला, दुसरा न्यूट्रलपासून. विजेतला खरखराट अर्थिंगमध्ये सोडून देणं हे त्यांचं काम. अर्थिंगच नसेल तर बॉडी या दोघांच्या मधोमध लोंबकळत राहते आणि तिच्यावर साधारण ११५ व्होल्टचा दाब येतो. प्रवाह अगदी किरकोळ असतो, म्हणून नुसत्या मुंग्या येतात.

म्हणजे संगणक बिघडलाय असं नाही. बोर्डाला अर्थिंग नाही, एवढं तो सांगतोय. पुढे कधी एसएमपीएसमधलं इन्सुलेशन खरंच गेलं, तर त्याच बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतील. अर्थिंग असती तर मोठा प्रवाह जमिनीत जाऊन एमसीबी, म्हणजे मुख्य बोर्डातला आपोआप बंद होणारा स्विच, पडला असता. ती नसेल तर काहीच पडत नाही, आणि जमिनीकडे जायला वाट उरते ती हात लावणाऱ्याच्या अंगातून.

अर्थिंग नाही म्हटल्यावर काही वायरमन दोन जुगाड सुचवतात. दोन्हींना ठाम नकार द्या.

पहिला जुगाड म्हणजे बोर्डाच्या आतच न्यूट्रलचा एक तुकडा अर्थिंगच्या पिनेला जोडून देणं. झिणझिण्या लगेच थांबतात, घरातले खूश होतात. पण बाहेरून येणारा न्यूट्रल कुठे तुटला किंवा सैल झाला, तर घरातल्या चालू दिव्या-पंख्यांतून फिरून आलेला फेज थेट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो. कोणी दुरुस्ती करताना फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल केली तरी तेच. म्हणजे आधी नुसत्या मुंग्या येत होत्या, आता जीव जाऊ शकतो.

दुसरा जुगाड नळाच्या पाइपाला वायर गुंडाळण्याचा. आजकाल मधले पाइप प्लास्टिकचे असतात, त्यामुळे ती वायर जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. उलट बिघाड झाला की करंट कोणाच्या तरी मोरीतल्या नळावर जाऊन बसतो.

सरळ मार्ग एकच. सोसायटीत राहत असाल तर मीटररूममध्ये अर्थिंगची पट्टी असते. तिथून हिरवी वायर तुमच्या बोर्डापर्यंत ओढून घ्या. स्वतंत्र घर असेल तर अर्थिंगचा खड्डा करून घ्या, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालायला विसरू नका, कारण कोरड्या जमिनीत अर्थिंग मंदावते.

काम झाल्यावर वायरमनला तुमच्यासमोर मल्टिमीटर लावायला सांगा. तीन आकडे बघायचे. फेज ते न्यूट्रल साधारण २३०. फेज ते अर्थिंग जवळपास तेवढाच. न्यूट्रल ते अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, पाचच्या वर गेला तर कारण शोधायला लावा. हाच तिसरा आकडा घरातली बाकी उपकरणं चालू असतानाही अगदी शून्य दिसला, तर वायरमनला बोर्ड उघडून दाखवायला सांगा. आत तोच न्यूट्रलचा तुकडा जोडलेला असण्याची शक्यता आहे. हे मोजमाप स्वतः करू नका. त्याला बोलावलंच आहे तर मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का तेही विचारा. तो प्रवाह जमिनीकडे गळतोय हे ओळखून क्षणात पुरवठा तोडतो. एमसीबी ते काम करत नाही, त्याचं काम जादा लोड आणि शॉर्टसर्किटपुरतं.

एक्स्टेंशन बोर्डाबाबतही हीच फसगत होते. भिंतीतली अर्थिंग उत्तम असते, पण बाजारातून आणलेल्या स्वस्त बोर्डाची वायर दोन तारांची असते. वर तीन भोकं दिसतात, आत तिसऱ्याला काहीच जोडलेलं नसतं. आयएसआय चिन्ह असलेला, तीन तारांचा बोर्डच घ्या. थ्री-पिन प्लग दोन भोकांत बसवणारे चपटे अडॅप्टर घरात ठेवूच नका. एका एक्स्टेंशनमधून दुसरं एक्स्टेंशन काढू नका, आणि संगणकाच्या बोर्डावर इस्त्री किंवा हीटर लावू नका. २००० वॉटचा हीटर जवळपास ९ अँपिअर ओढतो, आणि संगणकाला लागणारं सॉकेट ६ अँपिअरचं असतं.

२. जागा ठरवा

खिडकीशेजारी नको, पावसाची झड आत येते. थेट फरशीवरही नको. फरशी पुसताना बादली लवंडायला वेळ लागत नाही, आणि सगळी धूळ खालीच असते. चार-सहा इंच उंच स्टँड किंवा लाकडी पाट पुरतो. कॅबिनेटच्या मागे निदान अर्धी वीत मोकळी जागा सोडा, कारण गरम हवा तिथूनच बाहेर पडते. टेबलाच्या बंद खणात कॅबिनेट कोंबू नका. मॉनिटर हातभर अंतरावर, त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. खिडकी मॉनिटरच्या मागे किंवा तुमच्या पाठीमागे येऊ देऊ नका, बाजूला ठेवा. पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मुलांचे टेकत नाहीत, त्यांच्या पायाखाली काहीतरी द्या.

३. यूपीएस

लाईट जाते-येते त्या प्रत्येक भागात यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर संगणक थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा डबा, हवाच. घरगुती संगणकाला सहसा ६०० व्हीए चालतो. व्हीए म्हणजे वॉट नव्हे. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटपर्यंतच भार घेतो. गेमिंगचं मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर आधी दुकानदाराकडून हिशेब करून घ्या. साध्या संगणकाला त्यावर दहा-पंधरा मिनिटं मिळतात, आणि ती काम पुढे रेटण्यासाठी नसतात. फाइल सेव्ह करायची आणि रीतसर बंद करायचा.

आणल्यावर आधी सहा-आठ तास नुसता चार्ज होऊ द्या. त्यावर फक्त कॅबिनेट, मॉनिटर आणि राउटर लावा. लेझर प्रिंटर कधीही नाही. त्यातला रोलर गरम होताना एकदम इतकी वीज ओढतो की छोटा यूपीएस कोलमडतो. बॅकअप तपासायचा असेल तर प्लग उपटू नका, भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग उपटला की अर्थिंगही सुटते. आणि हे नवख्यांना ठाऊक नसतं: प्लग काढला तरी यूपीएसच्या मागच्या सॉकेटमध्ये बॅटरीतून २३० व्होल्ट येतच असतात. त्यामुळे वायरींना हात लावण्याआधी यूपीएस त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा.

आतली बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं टिकते. यूपीएसची कड फुगली, तो गरम लागायला लागला किंवा आंबट वास आला, तर लगेच बंद करून बॅटरी बदला. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, त्यात शिसं आणि आम्ल असतं. नवी देणारा दुकानदार ती परत घेतो. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे बहुतेक वेळा ‘यूपीएस मोड’चं एक बटण असतं. ते लावलं की लाईट गेल्यावर इन्व्हर्टर लवकर सुरू होतो आणि संगणक सहसा रिस्टार्ट होत नाही.

४. जोडणी

सगळं बंद असताना जोडा, आणि विजेची वायर सगळ्यात शेवटी.

जुना संगणक घेतला असेल तर एसएमपीएसच्या मागे एक लहान लाल बटण दिसतं का बघा. त्यावर ११५ आणि २३० असे आकडे असतात. आपल्याकडे ते २३० वरच हवं. चुकून ११५ वर राहिलं आणि चालू केलं तर मोठा आवाज होऊन एसएमपीएस जातो.

कीबोर्ड, माऊस मागच्या यूएसबीत लावा. मॉनिटरची वायर लावताना कॅबिनेटच्या मागे नीट बघा. उभ्या ओळीत एक एचडीएमआयचं सॉकेट दिसेल, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याखाली आडवं आणखी एक. कार्ड असेल तर वायर कार्डात लावायची. ‘नवा संगणक, पण स्क्रीनवर काहीच येत नाही’ या तक्रारीचं हे नेहमीचं कारण आहे. मग कॅबिनेटची विजेची वायर शेवटपर्यंत दाबून बसवा. अर्धवट बसलेली वायर आत ठिणग्या मारते आणि प्लास्टिक वितळतं.

चालू करताना आधी भिंतीवरचं बटण, मग यूपीएस, मग मॉनिटर, शेवटी कॅबिनेट. बंद करताना स्क्रीनवरून शट डाउन करा, पंखा थांबू द्या आणि मग उलट्या क्रमाने या. विंडोजमध्ये शट डाउन केल्यावर सिस्टिमचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावी. त्यामुळे काही अडलं असेल तर बंद-चालू करून फरक पडत नाही. रिस्टार्ट करावा लागतो.

जळका वास आला किंवा धूर दिसला तर भिंतीवरचं बटण किंवा एमसीबी पाडा आणि यूपीएस बंद करा. पाणी ओतू नका. कोणाला शॉक बसत असेल तर त्याला हाताने ओढू नका, आधी मेन स्विच बंद करा. मदतीसाठी क्रमांक ११२.

५. विंडोज कोणतं, खातं कोणतं

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या संगणकांच्या बाजारात तरीही तेच टाकून दिलं जातं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची सोय) आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणून पैसे देण्याआधी प्रोसेसरची पिढी विचारा. संगणक जुनाच असेल आणि काम ब्राउझर, पत्रं, हिशेब एवढंच असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून घ्या. दोन्ही मोफत आहेत, अपडेट मिळत राहतात आणि मराठीत टंकताही येतं. ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ टाकून फुकटात विंडोज सुरू करून देणाऱ्याला नाही म्हणा. तो अ‍ॅक्टिव्हेटर चालवायला अँटिव्हायरस बंद करावा लागतो, यावरूनच काय ते ओळखा.

सुरुवातीलाच सगळे अपडेट होऊ द्या. मग दोन खाती करा. एक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, पासवर्डसह, फक्त काही नवं टाकण्यापुरतं. दुसरं स्टँडर्ड, रोजच्या वापराचं. मुलांसाठी त्यांचं वेगळं. स्टँडर्ड खात्यात असताना एखादा प्रोग्राम गुपचूप घुसायला लागला तर विंडोज अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं. आपण काही टाकत नसताना पासवर्ड मागितला गेला, तर तो द्यायचा नाही. विंडोजमधलं डिफेंडर घरगुती वापराला पुरेसं आहे, वेगळा अँटिव्हायरस विकत घेतलाच पाहिजे असं नाही.

६. पेनड्राइव्ह, बॅकअप आणि फोन

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला पेनड्राइव्ह नेला, घरी येऊन लावला, आणि आपले फोल्डर दिसतात पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक छोटा बाण आहे, असं दिसलं तर थांबा. तो तुमचा फोल्डर नाही, शॉर्टकट आहे. त्यावर डबल क्लिक केलं की व्हायरस चालू होतो. खरे फोल्डर बहुधा तिथेच, पण लपवलेले असतात. एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’ मधून ‘हिडन आयटम्स’ दाखवायला सांगा, डिफेंडरने पेनड्राइव्ह तपासा, फाइल काढून घ्या आणि मग तो फॉरमॅट करा. त्याच ‘व्ह्यू’ मधून फाइलचं एक्स्टेंशनही कायम दिसेल असं करून ठेवा. ‘लग्नपत्रिका’ नावाच्या फाइलच्या शेवटी ‘डॉट ईएक्सई’ दिसलं की ती पत्रिका नाही, हे लगेच कळतं.

फोटो, जमिनीचे कागद, मुलांचे दाखले यांची एक प्रत एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवा. काम झालं की ती डिस्क काढून कपाटात ठेवायची. सतत जोडलेली असेल तर फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस तिलाही सोडत नाही, आणि वीज पडली तर दोन्ही एकदमच जातात.

ब्राउझरमध्ये अचानक स्क्रीन लाल-निळी होऊन भोंगा वाजायला लागला आणि ‘या नंबरवर फोन करा’ असं आलं, तर ते खोटं आहे. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. घाबरू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. नाहीच जमलं तर कॅबिनेटचं बटण काही सेकंद दाबून धरा. त्या एका वेळेपुरतं चालतं.

बँकेतून, वीज कंपनीतून, पोलिसांकडून बोलतोय असं सांगून कोणी एखादं अ‍ॅप टाकायला लावत असेल आणि त्यावरचा आकडा विचारत असेल, तर तो तुमच्या संगणकाचा ताबा मागतोय. ‘आज रात्री वीज कापली जाईल’ असे मेसेज याच जाळ्याचा भाग असतात. फोन ठेवा. घरातल्या आजी-आजोबांनाही हे शांतपणे सांगून ठेवा, कारण असे फोन त्यांनाही येतात आणि समोरचा आदराने बोलतोय म्हणून ते ऐकून घेतात.

७. वर्षभराची देखभाल

वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात, म्हणजे एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास, विजांचा जोर असतो. कडकडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटणातल्या फटीवरून तो दाब उडी मारू शकतो. गडगडाट लांब आहे तोवरच प्लग काढा आणि गच्चीवरून येणारी इंटरनेटची तांब्याची वायरही काढा. वीज डोक्यावर आल्यावर वायरींना हात लावायला जाऊ नका. फायबरची वायर काचेची असल्याने तिच्यातून धोका नाही, पण राउटरचा अडॅप्टर काढावाच लागतो. स्पाइक गार्ड उपयोगाचा आहे, मात्र तो छोटे झटकेच झेलतो, आणि प्रत्येक झटक्यागणिक थोडा थोडा झिजतो.

कोकणात, गोव्यात पावसाळ्यात संगणक आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. दिवसाआड अर्धा तास चालू केला तर आतली उबच दमटपणा घालवते. आणि पाली! उबेला पाल कॅबिनेटमध्ये शिरते, मदरबोर्डवर किंवा एसएमपीएसमध्ये शॉर्ट होते, आणि ती मरतेच, शिवाय बोर्डही जातो. कॅबिनेटच्या मागे कार्डांसाठीच्या आडव्या फटी असतात. त्यांच्या पट्ट्या हरवल्या असतील तर नव्या बसवून घ्या, दहा-वीस रुपयांत मिळतात. चालू संगणकावर प्लास्टिकचं कव्हर मात्र घालू नका.

तीन-चार महिन्यांनी कॅबिनेट बाल्कनीत नेऊन ब्लोअरने धूळ उडवा, नाका-तोंडाला रुमाल बांधून. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा; हवेच्या झोताने ती भलत्या वेगाने फिरतात आणि बेअरिंग खराब होतं. आत हात घालण्याआधी विजेची वायर काढा, कॅबिनेटचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात हे जास्त महत्त्वाचं. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. मॉनिटर मऊ कोरड्या कापडाने पुसा, काच पुसायचा स्प्रे त्यावर मारू नका.

ऑनलाइन पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी तक्रार पोहोचली तर ती गोठवता येते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि समोरच्याचा नंबर हाताशी ठेवा, तिथे हेच आधी विचारतात.